गावकीने वाळीत टाकलंय, कायद्याचा खरंच उपयोग होतो का?

भातशेती (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं वाचनमात्र आहे इथे, पहिल्यांदाच धागा काढतोय तोही घरचं दुखणं घेऊन, लांबलं तर सांभाळून घ्या.

गाव रायगड जिल्ह्यातलं, नाव देत नाही. मी डोंबिवलीत, काका-काकू गावाला, आजी पण तिथेच होती. दोन वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार निघाला, मुंबई मंडळाने (गावच्या मुंबईत राहणाऱ्यांचं मंडळ) घरटी ५,००० वर्गणी ठरवली, काकांनी पहिल्याच महिन्यात भरली. काम अर्धवट राहिलं तेव्हा गावकीच्या बैठकीत काका एवढंच म्हणाले की जमा किती आणि खर्च किती ते एकदा वाचून दाखवा. झालं. हिशोब मागतो म्हणजे देवाच्या कामात संशय घेतो, ११,००० दंड भर आणि देवीपुढे नारळ ठेवून माफी माग. काका म्हणाले माझी चूक काय ते सांगा, नारळ आत्ता ठेवतो. ते काही कोणी सांगितलं नाही.

तेव्हापासून कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही, दारात येऊन ओरडलं नाही. नुसतं सगळं थांबलं. बैठकीचं बोलावणं थांबलं. लावणीला सावडीतली माणसं आली नाहीत, काकांनी आदल्या वर्षी ज्यांच्या शेतात आठ-आठ दिवस चिखलात काढले तीच माणसं. गिरणीवर काकू गेली की पट्टा तुटलेला असतो आणि ती घरी पोचायच्या आत गिरणीचा आवाज सुरू होतो. शिमग्याला पालखी आमच्या दारावरून न थांबता पुढे गेली, काकू ओटीचं ताट घेऊन उभी होती, ते ताट तिने संध्याकाळपर्यंत आत नेलं नाही.

मागच्या श्रावणात आजी गेली. ९१ वर्षांची, वाडीतल्या निम्म्या पोरांना जन्मल्यावर पहिली अंघोळ तिने घातलेली. एक माणूस आला नाही. मी आणि भाऊ मुंबईकडून निघालो, आत्येभाऊ पेणहून आले, लाकडं दुसऱ्या गावातून टेम्पोने आणली, पाऊस मरणाचा. स्मशानाच्या वाटेवर दोन्ही बाजूची दारं लावलेली होती आणि आत माणसं आहेत हे कळत होतं.

२०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे हे मला माहितेय. मी म्हणतो केस करू. काका म्हणतात, केस मी एकवेळ जिंकेन रे, पण मला राहायचंय इथंच, कोर्ट माझ्या मयताला माणसं पाठवणारे का? याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचत नाही म्हणून इथे विचारतोय. ज्यांनी अनुभवलंय, किंवा ज्यांना कायद्यातलं कळतं, त्यांनी प्लीज लिहा.

मीनल_ठाणे:

वाचून हात थरथरले. ते ओटीचं ताट डोळ्यासमोरून जात नाहीये. काकूंना माझा नमस्कार सांगा. मला कायद्यातलं काही कळत नाही पण एक विचारते, त्या बैठकीला बायका असतात का हो? आमच्या गावी नसतात. निर्णय पुरुषांनी घ्यायचा आणि गिरणीवरून परत यायचं काकूंनी.

भातशेती:

नसतात ताई. काकूला तर तिच्या घराबद्दल काय ठरलं तेही शेजारणीच्या पोरीकडून कळलं.

तालुक्याची_वकील:

तालुका कोर्टात १४ वर्षं प्रॅक्टिस करते, अशा चार केसेस हाताळल्यात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी कायदा काय म्हणतो ते. विधिमंडळाने २०१६ च्या एप्रिलमध्ये पास केला, राष्ट्रपतींची मंजुरी येऊन ३ जुलै २०१७ ला अंमलात आला, आणि असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पूर्ण किंवा काही भाग पीडिताला द्यायचा आदेश कोर्ट करू शकतं. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना एनसी (अदखलपात्र नोंद) करून हातात कागद देता येत नाही, एफआयआर घ्यावाच लागतो. जामीनपात्र पण आहे, त्यामुळे आरोपी लगेच आत जातील अशी अपेक्षा ठेवू नका. चार्जशीट दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवायचा असं कायद्यात लिहिलंय, प्रत्यक्षात किती लागतात ते कोर्टाच्या तारखा भोगलेल्यांना सांगायला नको.

बहिष्कार म्हणजे काय याची यादी त्यात आहे आणि ती वाचताना वाटतं की लिहिणारा गावात राहून आला असावा. धार्मिक विधीत किंवा समाजाच्या कार्यक्रमात भाग घेऊ न देणं, लग्न-मयतात अडवणं, समाजाचा हॉल, स्मशान वापरू न देणं, व्यवहार तोडायला लावणं, पैसे उकळणं, हे सगळं त्यात येतं. तुमची पालखी येते, आजींचं मयत येतं, ११,००० चा दंडही येतो.

आता खरी अडचण. बाकीच्या गुन्ह्यात कोणीतरी काहीतरी *केलेलं* असतं, मारलं, चोरलं, फोडलं, त्याची खूण राहते. वाळीत टाकणं हा *न केलेल्या* गोष्टींचा गुन्हा आहे. कोर्टात साक्षीदार उभा राहून काय सांगणार, की मी गेलो नाही? उलटतपासणीत समोरचा वकील शांतपणे विचारतो, पावसात तुमच्याकडे यायचंच असा काही नियम आहे का? त्या दिवशी आमच्या अशिलाला ताप होता. पट्टा खरंच तुटला होता. एकेक गोष्ट सुटी घेतली तर कशातच गुन्हा नाही. सगळ्या एकत्र, तारीखवार मांडल्या तरच त्यामागचा ठराव दिसतो.

म्हणून आजपासून वही करा. तारीख, वेळ, कोण, काय बोललं किंवा काय नाकारलं. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर त्यातून कोणी कधी काढलं त्याचे स्क्रीनशॉट. वर्गणी परत केली असेल तर त्याचा पुरावा. आणि दोन गोष्टी वेगळ्या करा, खाजगी आणि सरकारी. रेशन दुकानदाराने माल नाकारला किंवा ग्रामपंचायतीचं पाणी तोडलं तर त्यासाठी तहसीलदाराकडे, गटविकास अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज जातो आणि तो लवकर हलतो.

भातशेती:

ताई, गणपतीआधी मी मंडळाच्या खजिनदारांना उत्सवाचे १,५०० यूपीआयने पाठवले होते. दहा मिनिटांत परत आले, काही मेसेज नाही. ते चालेल का पुरावा म्हणून?

तालुक्याची_वकील:

चालेल म्हणजे, तो सांभाळून ठेवा. बँकेचं स्टेटमेंट काढा त्या महिन्याचं. दुसऱ्या चाकरमान्यांचे पैसे घेतले आणि तुमचे परत केले एवढं दाखवता आलं तर तो या सगळ्यातला एकमेव *केलेला* प्रकार आहे.

निवृत्त_हवालदार:

खात्यात २८ वर्षं काढली, त्यातली बरीच रायगड-रत्नागिरीत. वकीलबाई म्हणतात ते बरोबर, पण ठाण्यात काय होतं तेही ऐका, मी कोणाची बाजू घेत नाही, जे आहे ते सांगतो.

बीटला एक-दोन अंमलदार आणि गावं वीस-पंचवीस. मिरवणूक, विसर्जन, निवडणूक, ह्या सगळ्यात बंदोबस्त निभतो तो गावकीच्या जिवावर. पोलीस पाटील गावातलाच, तोही त्याच बैठकीत मांडी घालून बसलेला असतो. अशा वेळी एक माणूस येतो आणि म्हणतो माझ्याशी कोणी बोलत नाही, तर अंमलदाराला वाटतं ह्याचा गुन्हा घेतला की अख्खा गाव ठाण्यावर येणार, आणि उद्या शिमग्याला मी एकटा काय करणार. शिवाय कायदा नवा होता तेव्हा बऱ्याच जणांना कलम माहीत नव्हतं, तक्रार अर्ज घेऊन दोघांना समज द्यायची आणि फाईल बंद. मी पण हे केलंय. एका बाईला मी सांगितलं होतं की बाई मिटवून घ्या, शेवटी त्यांच्यातच राहायचंय तुम्हाला. त्यांनी मिटवलं, दंड भरला, आणि दोन वर्षांनी त्यांच्या मुलाच्या लग्नावरून परत वाळीत टाकलं. माझी चूक होती. तेव्हा गुन्हा घेतला असता तर दुसऱ्यांदा हिंमत झाली नसती असं मला अजून वाटतं.

आता कामाचं. तोंडी सांगू नका, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. अर्जात कायद्याचं पूर्ण नाव लिहा, ‘महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६’, आणि कायद्याची प्रिंट जोडा. नाहीच घेतलं तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आणि कुठे बैठक भरणार, कोणाचं घर वाळीत टाकायचं ठरणार असं आधी कळलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, ती बैठक रोखायचा अधिकार ह्या कायद्याने त्यांना दिलाय. हे फार लोकांना माहीत नाही.

गावचा_मुंबईकर:

धागाकर्त्याच्या आजींना श्रद्धांजली. मयताला न जाणं हे चूकच, त्याला माझ्याकडे कुठलंही समर्थन नाही, हे आधी लिहितो. पण गावकी म्हणजे गुंडांची टोळी असं चित्र होतंय ते मला पटत नाही म्हणून लिहितोय.

मी स्वतः आमच्या गावच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी होतो सहा वर्षं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे एक घर असं नव्हतं ज्याची कौलं जागेवर होती, सुपारीच्या वाड्या आडव्या, लाईट कित्येक दिवस नाही, फोन नाही. सरकारी माणूस पोचायच्या आधी रस्ता कोणी मोकळा केला? गावकीने. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवाडीतून घरटी एक माणूस कोयता घेऊन बाहेर. जो येणार नाही त्याला दंड हा नियम आहे म्हणून सगळे आले. कोर्टाची ऑर्डर घेऊन कोणी झाडं तोडली असती का? विहिरीचा गाळ, पाणंद, स्मशानाची शेड, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला गाडी, बांधावरून भांडण झालं तर वकिलाच्या फीशिवाय मिटवणं, हे सगळं दंडाच्या धाकावरच चालतं. धाक गेला की प्रत्येक जण म्हणणार मी का येऊ. मला भीती ही वाटते की कायद्याने हे सगळं मोडेल आणि त्या जागी दुसरं काही येणार नाही.

भातशेती:

दादा, निसर्गमध्ये आमच्या गावातही असंच झालं आणि त्या कोयता घेतलेल्या माणसांत माझे काका होते, वय ६१. चार दिवस. हेच तर दुःख आहे ना की ज्या गावकीसाठी ते राबले तिनेच.

मीनल_ठाणे:

@गावचा_मुंबईकर, कामाला न येणाऱ्याला दंड वेगळा आणि हिशोब विचारणाऱ्याला दंड वेगळा. पहिला गावासाठी आहे, दुसरा चार माणसांसाठी आहे. आणि दंड न भरणाऱ्याची आई मेली तर दारं लावून बसायचं, याने कुठली विहीर साफ होते?

गावचा_मुंबईकर:

मान्य. हिशोब वाचून दाखवायलाच हवा होता, आमच्याकडे दर मे महिन्यात फळ्यावर लिहितो. पण तुम्ही मला सांगा, चुकलेल्या माणसाला शिक्षा म्हणून गावकीकडे तोडण्याशिवाय दुसरं आहे काय? तुरुंग नाही, पोलीस नाही. हे मी वाद म्हणून नाही, खरंच विचारतोय.

जुनी_पानं:

हा प्रश्न फार जुना आहे आणि इंग्रजांनी त्याला सोपं उत्तर दिलं होतं, आम्ही त्यात पडत नाही. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनमध्येच लिहून ठेवलं की जातीच्या प्रश्नात कोर्टाने हात घालायचा नाही. मग १८५० मध्ये एक कायदा आला की जातीबाहेर टाकलं किंवा धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही. म्हणजे जमीन वाचली, पण पंगत, पाणी, लग्न, खांदा हे सगळं जातीच्याच हातात राहिलं.

आणि हे फक्त गरिबाच्या वाट्याला नव्हतं. १८९० ला पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली, हजर असलेल्यांची नावं पेपरात छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीकडून बहिष्काराचं प्रकरण, झालं, त्यात रानडे होते, टिळक होते. हायकोर्टाच्या न्यायमूर्तीच्या खुर्चीपर्यंत गेलेल्या माणसाला एका कप चहासाठी प्रायश्चित्त घ्यावं लागलं! कायदा त्यांच्या हातात होता तरी घरच्या लग्नकार्याला भटजी मिळेल की नाही हे ठरवणारे दुसरेच होते. ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो, मुंजीसाठी शुद्धिपत्र आणायला भावंडांना पैठणला जावं लागलं, आणि ती ऐकताना वाळीत टाकणाऱ्यांचा राग येतो. तीच माणसं गावात गेली की दार लावून घेतात.

आंबेडकरांना मात्र हे हत्यार किती धारदार आहे ते पक्कं माहीत होतं. महाडनंतर खेडोपाडी महारांवर बहिष्कार पडले, मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य-आदिवासींची स्थिती बघायला स्टार्ट कमिटी नेमली त्यात ते सभासद होते, १९३० च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की उघड मारहाणीपेक्षा हा बहिष्कार जास्त परिणामकारक ठरतो कारण तो कायद्यात बसतो, कोणाशी व्यवहार करायचा हा ज्याचा त्याचा हक्क. म्हणून १९४७ ला घटना समितीसाठी त्यांनी जे टिपण लिहिलं त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी कलमांसकट केली, आणि नमुना घेतला होता ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. म्हणजे तिथून २०१६ पर्यंत जवळजवळ सत्तर वर्षं.

तालुक्याची_वकील:

@जुनी_पानं, मधला एक टप्पा राहिला. मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द केला, धार्मिक कारणावरून समाजाबाहेर काढणं हा पंथाच्या धार्मिक व्यवहाराचाच भाग, म्हणून त्याला घटनेच्या कलम २६ चं संरक्षण. ते एक विरोधी मत सरन्यायाधीश सिन्हांचं होतं. तो निकाल फेरविचारासाठी २०२३ च्या फेब्रुवारीत नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे पाठवलाय.

सेटलमेंट_सोलापूर:

मी एका भटक्या-विमुक्त समाजातला आहे, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना डांबायच्या सरकारी वसाहतीत, माझे आजोबा जन्मले. तारेच्या कुंपणात. वर ज्या स्टार्ट साहेबांचं नाव आलं ते त्या काळात मुंबई इलाख्याच्या सेटलमेंटचेच अधिकारी होते हे सांगितलं तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मलेलं पोर गुन्हेगार. दिवसातून हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यातून सुटलो म्हणून विमुक्त. हे मी एवढ्यासाठी सांगतोय की आमच्यासाठी ‘कायदा’ म्हणजे काठी, रात्री पालावर येणारी गाडी. चोरी कुठेही होवो, उचलायचं आमच्यातल्या माणसाला. अशा समाजाने आपलं भांडण घेऊन ठाण्यात जायचं? म्हणून पंच. मढीच्या यात्रेत पंचायती बसायच्या, वर्षाचे तंटे तिथे मिटायचे. सुरुवातीला तो आमचा आसराच होता असं मी मानतो.

पण आसरा कधी फास झाला कळलं नाही. बाईच्या चारित्र्याचा निवाडा उकळत्या तेलात हात घालून, लग्नाच्या रात्री पांढरी चादर, आंतरजातीय लग्न केलं की पिढ्यान् पिढ्या बाहेर, आणि परत यायचं तर पंच म्हणतील तेवढा दंड. २०१३ ला नाशिकला बापाने गरोदर मुलीचा जीव घेतला, कारण तिने जातीबाहेर लग्न केलं होतं, तेव्हा बाहेरच्या लोकांना जातपंचायत शब्द कळला. त्यानंतर अंनिसचं (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) जातपंचायतींविरुद्धचं मूठमाती अभियान आलं, काही समाजांनी आपल्या पंचायती स्वतः बरखास्त केल्या. कंजारभाट समाजातल्या पोरापोरींनी कौमार्य चाचणीविरुद्ध उघड नावानिशी बोलायला सुरुवात केली, त्यांना मार बसला, लग्नातून हाकललं.

माझ्या बहिणीचं सांगतो. तिने बाहेर लग्न केलं २०११ मध्ये. आम्हाला बाहेर टाकलं, आणि ते पंचांनी वहीत *लिहिलं* होतं, तारखेसकट, पाच जणांच्या सह्या आणि अंगठे, कारण त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. तेव्हा ठाण्यात गेलो तर विचारलं कलम कुठलं लावू. २०१८ मध्ये माझ्या चुलत भावाचं तसंच प्रकरण झालं, तर पंच म्हणाले वही नको, कोणी काही लिहू नका, मोबाईल बाहेर ठेवा. बघा काय फरक पडला ते. जे अभिमानाने लिहायचे ते लपून बोलायला लागले. कायद्याने मन बदललं असं मी म्हणणार नाही, पण सही करायचा हात थांबला, आणि दंडाचा आकडा खाली आला कारण घेणाऱ्यालाही आता भीती आहे. पुरावा मिळेना हे वकीलताई म्हणतात ते ह्याचमुळे. दोन्ही एकाच गोष्टीची टोकं आहेत.

@गावचा_मुंबईकर दादा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे की गावकीने काम करावं, मान ठेवावा, भांडण समजुतीने मिटवावं, पण शिक्षेचा हक्क तिला नको. कारण तिच्या शिक्षेवर अपील नाही. कोर्ट वाईट असेल, पण वरचं कोर्ट आहे. पंचाच्या वर कोणे?

गावचा_मुंबईकर:

तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. अपीलाचं मी कधी ह्या बाजूने बघितलंच नव्हतं. आमच्या मंडळाच्या घटनेत दंडाचं कलम आहे, पण कोणाला तो अन्याय वाटला तर त्याने कुठे जायचं याबद्दल एक ओळ नाही.

निवृत्त_हवालदार:

वहीचं एकदम बरोबर. २०१७ च्या आधी आम्हाला गावकीच्या वह्या सहज मिळायच्या, इतिवृत्तात स्वच्छ लिहिलेलं, अमुक यांचे घर वगळण्यात आले. आता कोऱ्या.

विशाल_चिपळूण:

एक शंका. हा कायदा एकाच समाजातल्या माणसांपुरता आहे ना? म्हणजे आमच्या गावात तीन-चार जातींची मिळून गावकी आहे. मराठा-कुणबी मिळून बौद्धवाडीशी व्यवहार बंद करतात तेव्हा?

तालुक्याची_वकील:

चांगला मुद्दा. या कायद्यातली ‘समाज’ची व्याख्या जन्म, धर्म, पंथ, जात-पोटजात अशी आहे आणि बहिष्कार त्या समाजातल्या माणसांमधला धरलाय. दलित-आदिवासींवर इतरांनी टाकलेला सामाजिक-आर्थिक बहिष्कार ॲट्रॉसिटी कायद्यात येतो, तो शब्द २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट घातला आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिथे कलमं जास्त कडक आहेत. मधे एक फट राहते, वेगवेगळ्या पण दलित नसलेल्या जातींची एकत्र गावकी असेल आणि त्यांनी एका घराला टाकलं तर आरोपीचा वकील म्हणणार हे वेगवेगळे समाज आहेत. एकाच धर्माचे म्हणजे एक समाज असा युक्तिवाद आम्ही करतो, पण व्याख्येत गाव हा शब्द असता तर कोकणाचं फार भलं झालं असतं.

भातशेती, तुमच्या काकांच्या प्रश्नावर मला शेवटी एवढंच म्हणायचंय की कोर्ट मयताला माणसं पाठवत नाही हे शंभर टक्के खरं. माझ्या चारपैकी एका केसमध्ये तडजोड झाली, कोर्टाच्या परवानगीने होते ती, आणि त्या माणसाने पैसे नको म्हणून सांगितलं, अट एकच घातली, पुढच्या सप्त्यात माझ्या घरचा एक दिवस नैवेद्य घ्यायचा. घेतला. बाकी तीन अजून चालू आहेत. काकूंना वेगळी फिर्याद देता येते, आणि बायकांना उत्पन्नाची अट नसलेली मोफत कायदेशीर मदत मिळते, तालुका विधी सेवा समितीत जा नाहीतर १५१०० ला फोन करा.

भातशेती:

मंडळी, महिनाभराने लिहितोय, माफ करा.

तुम्ही वही करा म्हणालात ते मी फोनवर काकूला सांगितलं तर ती म्हणाली थांब, आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. दुधाचा हिशोब लिहितो ना आपण तारखेच्या चौकोनात, तसं तिने पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलंय. ‘गिरणी - पट्टा’. ‘सावड - कोण नाय’. ‘पालखी गेली’. दोन वर्षांची दोन कॅलेंडरं, आणि तिने हे आम्हाला कोणाला सांगितलं नव्हतं. आजीच्या तारखेच्या चौकोनात फक्त ‘दारं’ असं लिहिलंय.

काकांनी ती बघितली आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले अर्ज लिही, पण फिर्यादी ही, मी साक्षीदार. मी हवालदारकाकांनी सांगितलं तसं पूर्ण नाव आणि प्रिंट जोडली. पहिल्या दिवशी अर्ज ठेवून जा म्हणाले, पोच मागितली तर साहेब नाहीत. आम्ही बसून राहिलो, साडेचारला शिक्का मिळाला. आठ दिवसांनी अधीक्षकांना पोस्टाने पाठवलं, मग फोन आला, एफआयआर झाला. सात जणांची नावं. त्यांना बोलावलं तेव्हा सगळ्यांचं एकच उत्तर, आम्ही काही ठरवलेलं नाही, ज्याची त्याची मर्जी. खजिनदाराला पैसे परत का केले विचारलं तर तो मात्र अडखळला.

गावात अजून कोणी बोलत नाही. उलट दोन दिवस जास्तच शांत होतं, काका रात्री झोपले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गिरणीवाल्याची बायको मागच्या पडवीतून आली, म्हणाली काकी, दळण रात्री द्या माझ्याकडे, मी दळून आणते, कोणाला कळणार नाही. काकू तिला म्हणाली, तू आलीस त्यात सगळं आलं बाय, पण मी दिवसा येईन.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तांदळाचा डबा डोक्यावर घेऊन गेली. चार बायका होत्या, सरकल्या. पट्टा चालू होता. गिरणीवाला वर बघेना, पण डबा घेतला, दळला, पैसे घेतले. काकूने घरी येऊन हात न धुताच कॅलेंडर काढलं आणि ‘गिरणी - दळलं’ असं लिहिलं.

चार्जशीट अजून दाखल व्हायचंय. झालं की इथेच लिहितो.

तालुक्याची_वकील:

ती दोन्ही कॅलेंडरं मूळ जपून ठेवा, पोलिसांनी जप्त केली तर पंचनाम्याची प्रत घ्या, आणि आधी प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवा. आजचं पान पण.